पार्किन्सन्समध्ये डोकं मंदावतं म्हणतात, त्याचं संशोधन घरच्यांनी कसं वाचायचं आणि डॉक्टरांकडे काय न्यायचं

घरात कुणाला पार्किन्सन्स झाला की पहिली काही वर्षं सगळ्यांचं लक्ष हाताच्या कंपावर आणि चालण्यावरच असतं. मग कधीतरी कुणीतरी रात्री मोबाईलवर 'पार्किन्सन्स आणि स्मरणशक्ती' असं काहीतरी सर्च करतं, त्यात '८३ टक्के पेशंटना डिमेन्शिया' असा एक आकडा सापडतो, तो फॅमिली ग्रुपवर येऊन पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस नुसता चष्मा शोधत असला तरी घरचे एकमेकांकडे बघायला लागतात. हे लिहितेय ते अशा घरांसाठी. मी डॉक्टर नाही, इथे पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे आकडा दिसला की तो कशाला भागून आला हे विचारायची खोड आहे, आणि घरी माझ्या सासऱ्यांना, नानांना, पार्किन्सन्स आहे. औषधाबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, स्वतः गोळी बंद-चालू करण्यासाठी नाही, हे एकदाच सांगते.

आधी शब्द नीट लावून घ्या, नाहीतर पुढचं सगळं गोंधळतं.

एमसीआय म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. यात टेस्टमध्ये घसरण दिसते, घरच्यांना किंवा पेशंटला स्वतःलाही जाणवते, पण माणूस आपले व्यवहार आपण सांभाळतो, थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. डिमेन्शिया म्हणजे एकापेक्षा जास्त बाबतीत घसरण आहे आणि त्यामुळे रोजचे व्यवहार कोलमडतायत. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने २००७ साली पार्किन्सन्स डिमेन्शियाचे निकष काढले आणि २०१२ साली एमसीआयचे, आणि दोन्ही नीट वाचले तर लक्षात येतं की या दोघांमधली रेष मार्कांवर ठरतच नाही, ती घरातल्या वागण्यावर ठरते. तीही एका अटीवर, की जे जमत नाहीये ते हात थरथरल्यामुळे किंवा अंग आखडल्यामुळे नसावं. नानांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, तो बोटांचा प्रश्न. पण कुणी स्वेटर आधी घालून त्यावर शर्ट चढवायला लागलं तर तो वेगळा प्रश्न. हा फरक कुठलीही टेस्ट पकडत नाही, तो घरात राहणारा माणूसच सांगू शकतो, आणि म्हणूनच शुभंकरानं, म्हणजे सांभाळणाऱ्यानं, संशोधन वाचायला शिकावं असं माझं मत आहे. डॉक्टरांवर संशय घ्यायला नाही हो, त्यांना नेमकं काय सांगायचं ते कळावं म्हणून.

आणखी एक. विचारशक्तीचा त्रास चालण्याच्या त्रासाच्या आधी किंवा वर्षभराच्या आत सुरू झाला तर त्याला लुई बॉडी डिमेन्शिया म्हणतात, आधी बरीच वर्षं पार्किन्सन्स आणि मग डिमेन्शिया असेल तर पार्किन्सन्स डिमेन्शिया. पीएसपी नावाचा वेगळाच आजार आहे, त्यात सुरुवातीलाच तोल जाऊन पडणं, नजर खाली-वर न फिरणं आणि प्लॅनिंगची गडबड असं एकत्र दिसतं. शेजारच्या काकांना पीएसपी असेल तर त्यांच्यावरून आपल्या माणसाचा अंदाज बांधू नका. पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, वाचतानाही आधी हेच बघायचं, नेमका कुठल्या आजाराचा आहे.

आता बघायचं काय. आपल्या डोक्यात डिमेन्शिया म्हणजे अल्झायमर, म्हणजे नावं विसरणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा सुरुवात तिथून होत नाही. लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लागत नाही, अंतराचा अंदाज चुकतो, उत्तर यायला वेळ लागतो. आठवण असते पण बाहेर काढायला कष्ट पडतात, आणि थोडं सुचवलं की येते. माझ्या ओळखीतल्या एक मावशी आहेत, पन्नास वर्षं पोहे केलेत त्यांनी. त्या दिवशी कढईत फोडणी झाली, कांदा परतून लाल झाला, आणि पोहे भिजवायचे राहिलेले, मग त्या तशाच गॅसजवळ उभ्या, कोरडे पोहे हातात. पोहे कसे करतात हे त्या विसरल्या होत्या का, तर अजिबात नाही, सुनेनं नुसतं 'चाळणी देऊ का' विचारलं आणि पुढचं सगळं बिनबोभाट झालं. हे 'विसरल्या' असं डॉक्टरांना सांगितलं तर चुकीचं चित्र जातं. 'क्रम अडकला, एका शब्दावर सुटला' असं सांगितलं तर बरोबर जातं.

गंमत म्हणजे खुद्द जेम्स पार्किन्सननं १८१७ साली जो निबंध लिहिला त्यात बुद्धीला धक्का लागत नाही असं म्हटलं होतं. त्याच्याकडे केसेस होत्या सहा, त्यातल्या काही तर त्यानं रस्त्यावर चालताना पाहिलेल्या. ऑडिटला असं सॅम्पल मी परत पाठवलं असतं, पण माणूस मोठा होता, बाकी बरंच त्यानं अचूक टिपलं. पुढे कितीतरी वर्षं हा आजार फक्त हातापायांचा मानला गेला.

तर आता तो ८३ टक्क्यांचा आकडा. तो सिडनीच्या अभ्यासातला आहे, २००८ साली छापून आलेला. नव्याने निदान झालेले १३६ पेशंट वीस वर्षं फॉलो केले आणि वीस वर्षांनी डिमेन्शिया ८३ टक्के. पण १३६ चे ८३ टक्के नाहीत हे! तोपर्यंत त्यातले १०० जण वारलेले होते, उरलेल्या तीस-पस्तीस जणांमधले हे ८३ टक्के. वीस वर्षं आजार असलेली म्हणजे बहुतेक वयस्कर मंडळी. आकडा खोटा नाही, पण तो 'कुणालाही पार्किन्सन्स झाला की' असा वाचायचा नाही. दुसरीकडे केंब्रिजशायरचा अभ्यास आहे, त्यात दहा वर्षांनी ४६ टक्के. आणि २०२४ मध्ये आलेल्या एका अमेरिकन पेपरात दोन गट होते, एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पीपीएमआय म्हणतात त्याला, दहा वर्षांनी डॉक्टरांच्या निदानानुसार साधारण ९ टक्के, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटात २७ टक्के. आता ९ कुठे आणि ४६ कुठे. खोटं कुणीच बोलत नाहीये, माणसं वेगळी आहेत. पीपीएमआयमधले लोक स्वतःहून आलेले, सरासरी साठीच्या आसपासचे, भरपूर शिकलेले. केंब्रिजशायरवाल्यांनी त्या भागातले नवे पेशंट शक्य तितके सगळे धरले, त्यांचं वयही जास्त.

म्हणून कुठलाही पेपर उघडला की मी आधी निष्कर्ष बघत नाही, आधी हे शोधते: कुणाला घेतलं, निदानाच्या वेळी वय काय होतं, शिक्षण किती, किती वर्षं बघितलं, मधे किती जण गळाले, कुठली टेस्ट लावली, आणि रोजच्या व्यवहारांबद्दल घरच्यांना विचारलं की नाही. एवढं एका कागदावर लिहा आणि शेजारी आपल्या माणसाचं वय आणि निदानाचं वर्ष लिहा. निम्मी भीती इथेच उतरते, आणि कधीकधी उतरत नाही, तेही खरंच आहे, पण मग निदान कशाची भीती ते कळतं.

पेपर मिळतात कुठे, तर पबमेडवर. फुकट आहे, इंग्रजीत आहे, आजाराचं नाव आणि 'कॉग्निटिव्ह' शब्द इंग्रजीत टाका, वर फिल्टर असतो त्यात 'फ्री फुल टेक्स्ट' निवडा. नुसता सारांश वाचून थांबू नका, त्यात गळालेली माणसं दिसत नाहीत. पहिलं टेबल बघा, ज्यात पेशंटची माहिती असते. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला धरून बसवा, तेवढंच आजोबांशी कनेक्शन.

केंब्रिजशायरवाल्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, घरी उपयोगी पडते. त्यांना असं दिसलं की प्लॅनिंग, लक्ष अशा गोष्टींतली सुरुवातीची घसरण पुढच्या डिमेन्शियाचा फार अंदाज देत नव्हती, ती डोपामाइनशी, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाशी, जोडलेली. पण सुरुवातीलाच ज्यांना दीड मिनिटात प्राण्यांची नावं फारशी सांगता आली नाहीत किंवा एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढता आले नाहीत, त्यांच्यात पुढे डिमेन्शिया जास्त दिसला. म्हणजे घसरण एकाच प्रकारची नसते, निदान दोन वाटा आहेत. हे वाचून लगेच आजोबांना प्राण्यांची नावं विचारत बसू नका प्लीज. त्याचं कारण पुढे येतंच.

टेस्टबद्दल. बहुतेक ठिकाणी मोका नावाची तीस मार्कांची टेस्ट होते, मराठीत पण आहे. घड्याळ काढा, ठोकळा काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, असं सगळं. तीसपैकी २६ ला नॉर्मल धरलं जातं, पण कमी शिकलेल्या आणि कागद-पेन्सिलची सवय नसलेल्या माणसाला हा कटऑफ जाचक पडतो, हे जगभर लिहून झालंय. सातवी पास आजीचे २१ आणि निवृत्त प्रोफेसरांचे २१ एक नव्हेत, प्रोफेसरांच्या २१ ची काळजी जास्त करावी. टेस्टला जाताना गोळीचा असर असेल अशी वेळ घ्या, रात्रीची झोप झालेली असू द्या, चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या, हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, ऐकूच आलं नाही तर शब्द आठवणार कुठून. आणि घरी या टेस्टची प्रॅक्टिस करून घेऊ नका, सरावानं मार्क वाढतात आणि मग खरी घसरण झाकली जाते. डीबीएसचं, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवायचं, ऑपरेशन करायचं ठरत असेल तर आधी सविस्तर न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी होतेच, ती टाळायचा आग्रह धरू नका, कारण त्या ऑपरेशननंतर भराभर शब्द सुचणं काही जणांत कमी होतं आणि डिमेन्शिया असेल तर सहसा ते करतच नाहीत.

आता औषधाचा पेपर कसा वाचायचा, उदाहरण रिव्हास्टिग्मिनचं. पार्किन्सन्स डिमेन्शियासाठी अमेरिकेत २००६ साली मंजूर झालेलं औषध, इथेही मिळतं, गोळी आणि पॅच दोन्हीत. त्याचा मुख्य अभ्यास २००४ चा, ५४१ पेशंट, २४ आठवडे. सत्तर मार्कांच्या मापावर औषधवाले साधारण २ मार्कांनी सुधारले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारे पाऊण मार्कानं घसरले. 'सिद्ध झालं' म्हणजे हे एवढं. डॉक्टरांच्या नजरेला ठळक सुधारणा औषधवाल्यांत १९.८ टक्के आणि बिनऔषधवाल्यांत १४.५ टक्के. मळमळ २९ टक्क्यांना, कंप वाढला १०.२ टक्क्यांना. मी हे वाचून औषधाच्या विरोधात गेले नाही, उलट मला ते प्रामाणिक वाटलं: थोडा फायदा होतो, काहींना चांगला होतो, पोट बिघडू शकतं, तेव्हा किती महिन्यांनी काय बघून ठरवायचं हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. 'नाना आधीसारखे होतील का' असं विचारलं की उत्तर मिळत नाही. 'तीन महिन्यांत कुठली गोष्ट बदलली तर चालू ठेवायचं' असं विचारा, मिळतं.

एमसीआयच्या टप्प्यावर मात्र अजून कुठलंही मंजूर औषध नाही. व्यायामाचं संशोधन त्यातल्या त्यात बरं आहे, निदान तोटा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते एक घेऊ, खोकल्याचं औषध पार्किन्सन्सवर चालतं म्हणे. ते अ‍ॅम्ब्रोक्सॉल, आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. कॅनडात पार्किन्सन्स डिमेन्शियाच्या ५५ पेशंटवर वर्षभर अभ्यास झाला, २०२५ मध्ये छापून आला. औषध सहन झालं, पण विचारशक्तीच्या मुख्य मोजमापात फरक पडला नाही, जीबीए१ जनुकात बदल असलेल्या थोड्या लोकांत आशा दिसली तेवढीच. आणि डोस होता दिवसाला १०५० मिलिग्रॅमपर्यंत, खोकल्याला आपण घेतो तो नव्वदच्या आसपास. तेव्हा मेडिकलमधून बाटल्या आणू नका.

वही. ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट. साधी दोनशे पानी, अ‍ॅप नको, कारण घरात तीन माणसं तीन वेळेला लिहितात आणि कामवाल्या ताईसुद्धा सांगतात. रोज निबंध लिहायचा नाही, वेगळं काही घडलं तरच. आमच्या वहीतलं पान साधारण असं असतं: 'मंगळवार. सातची गोळी पावणेआठला. नऊला दूधवाल्याला पैसे दोनदा दिले. बीपी बसून १३०/८०, उभं राहून तीन मिनिटांनी १०२/६४. दुपारी कोपऱ्यात मांजर दिसलं म्हणाले, मग स्वतःच हसले. रात्री झोपेत ओरडले, लाथ मारली.' डॉक्टरांनी यातल्या बीपीवर बोट ठेवलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडला तर मेंदूला रक्त कमी पोचतं, त्यानं पण माणूस गांगरतो, आणि ते सुधारता येतं. मांजर दिसणं आणि स्वतःच हसणं हेही महत्त्वाचं, भास आहे हे कळतंय की नाही यावर पुढचं ठरतं. तिथे 'कुठलं मांजर, वेड लागलं का' असं म्हणू नका, 'मला नाही दिसलं' एवढं पुरतं.

व्यवहारातल्या खुणा आपापल्या घराप्रमाणे निवडा. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं, गॅस बुक करणं, मंडईत सुटे पैसे परत घेणं, पीएमपीच्या बसमध्ये योग्य स्टॉपला उठणं, पेपरातलं शब्दकोडं. आधी जे करत होते तेच धरा. ज्यांनी जन्मात लाईटबिल भरलं नाही त्यांना आता ते जमत नाही ही घसरण नव्हे. बायकांच्या बाबतीत उलट होतं, त्यांचं काम सुनेनं प्रेमानं काढून घेतलेलं असतं, मग जमतंय की नाही कळायला मार्गच नाही. आणि रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नका, चालणं आणि बोलणं एकदम आलं की दोन्हीपैकी एक अडखळतं, लक्ष्मी रोडवर तर नकोच.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, सगळ्या म्हणजे सर्दीच्या, अ‍ॅसिडिटीच्या, आयुर्वेदिक, झोपेच्या. ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेनसारख्या गोळ्या, कंपाला चांगल्या पण वयस्कर माणसाचं डोकं गढूळ करतात, आणि रिव्हास्टिग्मिन ज्या रसायनाला वाढवतं त्याच्या बरोबर उलट काम त्या करतात, दोन्ही एकत्र चालू असतील तर विचारा जरूर. लघवीच्या घाईच्या काही गोळ्या, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे त्याच जातीतले. दुसरा गट डोपामाइन अडवणारा: उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीत जोडून येणारं लेव्होसल्पिराइड, जे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. भासांसाठी किंवा हॉस्पिटलमध्ये रात्री गोंधळ घातला म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं तर पार्किन्सन्सचा माणूस पार आखडून जातो. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ही नावं लिहून ठेवा, अ‍ॅडमिट करताना तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांना दाखवा. कवचबीजात नैसर्गिक लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीतलंच औषध, असतो, तेव्हा ती पावडर चालू असेल तर लपवू नका. बी १२ आणि थायरॉइड तपासलं का तेही विचारा, शाकाहारी घरात बी १२ कमी असणं नवीन नाही आणि लेव्होडोपा बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते आणखी खाली जाऊ शकतं.

एक गोष्ट वहीत लिहून पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. दोन दिवसांत अचानक माणूस बदलला, दिवसा झोपतोय, रात्री भांडतोय, ओळखत नाही, तर तो पार्किन्सन्स पुढे सरकला असं धरू नका. आजार इतक्या झपाट्यानं सरकत नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी, पाणी कमी, तुंबलेलं पोट, नवीन गोळी, पडून डोक्याला लागलेलं, यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुण्यात एकटं पडायची गरज नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी म्हणतात, दरवर्षी ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या सुमारास मेळावा असतो, आणि हृषीकेश पवारांनी इथे पार्किन्सन्सच्या लोकांसाठी डान्सचे वर्ग सुरू केले तेही अनेकांना ठाऊक असतील. अशा ठिकाणी गेलं की कुणाच्या वहीत काय आहे ते कळतं, पेपरात ते येत नाही.

शेवटी, कुणी अभ्यासात भाग घ्यायला बोलावलं तर. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, सीटीआरआय, या साइटवर नोंदणी नंबर टाकून बघा, २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. एथिक्स कमिटीची मान्यता, मराठीतला संमतीपत्राचा फॉर्म, कधीही बाहेर पडायची मुभा, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, हे सगळं लेखी असतं. पेशंटला नीट समजत नसेल तर घरच्यांची सही लागते, पण त्यांनाही त्यांच्या परीनं विचारायचं, त्यांनी नको म्हटलं की नको. आणि ट्रायलच्या नावाखाली लाखो रुपये मागून स्टेम सेल टोचणारे भेटतील, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल ट्रायलच्या बाहेर द्यायच्याच नाहीत, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. फॉर्म घरी आणून दोन दिवस वाचायला मागा, आपल्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि लगेच सही करा म्हणून कुणी घाई केली तर सरळ उठून या.